पटीचे मास्तर

आमच्या मास्तरांना दोन आकड्यांचा मनस्वी राग होता. एका आकड्याचा नाही, तिनांचा तर मुळीच नाही. पण कोणी दोन आकडे सांगून थांबला, की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या दारातून. अमरावतीच्या त्या सरकारी शाळेत दुय्यम मास्तर म्हणून मी नुकताच पुण्याहून आलो होतो. वय बाविशीच्या आतलं, अंगात नवा अंगरखा आणि डोक्यात हवा. पाहतो तो वरच्या वर्गातली बारा-तेरा वर्षांची पोरं जमिनीवर कोंडाळं करून बसलेली, आणि मधे उकिडवा बसलेला एक काळाकभिन्न, हाडापेराने मोठा माणूस धुळीत बोटाने आकडे काढतोय. त्यांनी दोन काढला, चार काढला आणि मान वर करून विचारलं, "सांगा पोट्टेहो, आता काय येईन?"

"सहा!" पोरं एका सुरात ओरडली.

"काहून सहा? आठ काहून नाई?"

 किसना नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता, तो म्हणाला, "मास्तर, दोन-दोनानं वाढून राहिलं ना. दोन, चार, सहा."

"तुले वाढताना दिसलं का? तुले फकत दोन आन चार दिसले. दुप्पट होऊन राहिलं असन तं? दोन, चार, आठ?" मास्तरांनी तळहाताने आकडे पुसून टाकले. "दोहोवरून वाट समजत नाई बाप्पा. तिसरा येऊ द्या, मंग बोला. तोवर तोंड बंद."

दर पावलाला तेवढंच मिळवत जाणारी ती मिळवणीची वाढ, आणि दर पावलाला तेवढ्याच पटीने गुणत जाणारी ती पटीची वाढ, असे त्यांनी दोन भाग केले होते. पुस्तकात याला श्रेढी म्हणतात. ती सगळी सूत्रं मी पुण्याला घडाघडा म्हणून दाखवून शाबासकी मिळवली होती. पण दोन आणि चार या दोन आकड्यांच्या पुढे रस्ता फुटतो, ही गोष्ट मला त्या दारात उभा असताना पहिल्यांदा कळली. अर्थात हे मी त्या वेळी कोणाजवळ कबूल केलं नाही. उलट बिऱ्हाडी जाऊन घरच्यांना पत्र लिहिलं, की इथले मास्तर म्हणजे कुणबी मनुष्य आहे, 'मला' म्हणायचं तिथे 'मले' म्हणतो आणि मुलांना मातीत बसवतो.

पोरं त्यांना पाठीमागे पटीचे मास्तर म्हणत. पुढे गावही म्हणू लागलं.

तो काळच विलक्षण होता. अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी जगात मान आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या. ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. पोरांचं शाळेत लक्ष लागत नव्हतं, कारण वेचणीच्या दिवसांत घरी हात कमी पडत. बाकीचे मास्तर गैरहजेरीबद्दल छड्या मारत. हे मात्र एके दिवशी उठले आणि सगळा वर्ग घेऊन शेतावरच गेले.

तशी शेती त्यांच्या रक्तातच होती. नांदगाव खंडेश्वराकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. गणित कुठे शिकलात म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तिफनीच्या मांगं." मला वाटलं थट्टा करताहेत. पण पेरणीच्या दिवसांत त्यांनी पोरांना खरोखरच तिफणीच्या मागे चालवलं. तीन फणांची तिफण एक फेरा मारते तेव्हा तीन तासं, म्हणजे पेरणीच्या तीन ओळी, पडतात. दुसऱ्या फेऱ्याला सहा, तिसऱ्याला नऊ. पोरं मागून चालत मोजत होती, शेत संपेपर्यंत. "ही मिळवणीची वाढ," मास्तर म्हणाले. "बैलाच्या चालीनं चालते. हिच्याशी माणसाले जमते."

मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून त्यांनी किसनाच्या तळहातावर एक सरकी ठेवली. "आता ही पेर. एक झाड आलं. धर का त्याले वीस बोंडं लागली, आन बोंडात वीस सरक्या. किती?"

"चारशे."

"त्या साऱ्या पुढल्या साली पेरल्या तं?"

पोरांनी मातीत आकडे मांडले. एक लाख साठ हजार. त्याच्या पुढल्या साली? बराच वेळ खुडबुड चालली. सहा कोटी चाळीस लाख.  किसनाने ती सरकी मुठीत अशी धरली होती, की जणू आत काही धडधडतंय.

"ही पटीची वाढ," मास्तर हळूच म्हणाले. "हिले भ्या. सुरवातीले ही मिळवणीवानीच दिसते."

त्यांचे प्रयोग शाळेपुरतेच राहत नसत. शाळेच्या मागे ठकूबाई नावाची एक म्हातारी राही. तिच्या गोवऱ्या उन्हात वाळत पडलेल्या असत. एका सकाळी मास्तरांनी त्या उचलून पायऱ्यांसारख्या मांडल्या: पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, अशा दहा ओळी. शेजारी तशाच दुसऱ्या पायऱ्या, पण उलट्या, पहिलीच्या खाचांत नेमक्या बसणाऱ्या. दोन्ही जुळल्या आणि सरळ चौकोन झाला. दहा ओळी, दर ओळीत अकरा. "एकशे दहा. आता अर्धे करा. एकापासून दहापर्यंत बेरीज किती झाली?"

"पंचावन्न!"

एवढ्यात ठकूबाई बाहेर आली. "काय करून राहिले मास्तर तुमी माह्या गोवऱ्यायचं? काल गोल लावल्या होत्या म्या!"

"माय, तुह्या गोवऱ्या पोरायले शिकवून राहिल्या."

"त्यायले शिकवा लागते तं शिकवा, मंग चुलीत काय घालू म्या, तुमचे आकडे?"

पोरं हसून लोळली. पण महिन्याभराने मी स्वतः पाहिलं, की ठकूबाई आपल्या गोवऱ्यांची पहिली ओळ, शेवटची ओळ आणि एकूण ओळी मोजते, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटते आणि पोती किती लागतील ते बिनचूक सांगते.

एकदा मी आणि मास्तर पाट्या आणायला अकोल्याला गेलो होतो. बाजाराच्या कडेला डोकड्यांची, म्हणजे कापसाच्या मोठ्या गाठोड्यांची थप्पी रचली होती. वर निमुळती होत गेलेली, भिंतीएवढी. मास्तर तिच्यासमोर थांबले, एकदा खालून वर पाहिलं, बाजूला जाऊन एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आठशे सत्तर."

राखणदार एका डोकड्यावर बसून तंबाखू मळत होता. तो उठला. "तुमाले काय करा लागते? कोणी पाठवलं?"

मी घाबरलो. परक्या गावात चोर म्हणून धरले गेलो तर काय, असं मला झालं. मास्तर शांतपणे म्हणाले, "कोणी नाई. खालच्या थरात वीस, वरच्यात नऊ. थर बारा. मांगं अशा पाच रांगा. मोजून पाहा."

राखणदाराने हट्टाने मोजायला घेतलं. थप्पीवर चढून, मागून, पुढून, बोटं मोडत. दुपार कलली. शेवटी घाम पुसत तो विजयाने ओरडला, "आठशे एकुणसत्तर! चुकले तुमी!"

"मंग एक कमी हाय," मास्तर म्हणाले.

"कमी कसं असन? मी सकाळपासून हाललो नाई इथून."

"तुमी बसले होते ते मोजलं का?"

राखणदाराने वळून पाहिलं. बसायला म्हणून त्याने मागच्या रांगेतला जो डोकडा ओढून काढला होता, तो तसाच तिथे पडला होता. त्याने आधी कपाळावर हात मारला आणि मग तो वाकून मास्तरांचे पाय धरायला लागला. मास्तर इतके लाजले, की पाट्या घ्यायच्या विसरून तिथून निघालेच. पाट्यांसाठी अकोल्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात जावं लागलं.

हे सगळं मी गमतीने सांगतोय, कारण त्या वेळी मला ती गंमतच वाटत होती. माणूस तऱ्हेवाईक आहे, हुशार आहे, पण शेवटी आकड्यांचा खेळ, असं माझं मत होतं. ते मत त्या उन्हाळ्यात बदललं.

गावाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवर एक मोठं मैदान होतं. कापूस घेऊन आलेल्या गाड्यांचा तिथे तळ पडे. त्या साली माल उचलायला उशीर होत होता, म्हणून दीड-दोनशे गाड्या चाकाला चाक लावून अडकून पडल्या होत्या. माणसं, बायका, लेकरं, बैल, सगळी एका विहिरीच्या आधाराने. एका सकाळी शाळेत बातमी आली, की तळावर दोघांना पटकी झाली. उलट्या, जुलाब, आणि संध्याकाळच्या आत एक गेला. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना लागण झाली.

मी धावत मास्तरांकडे गेलो. "मास्तर, काल दोन, आज चार!"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तिसरा?"

"तिसरा उद्या कळेल. पण लोक मरताहेत, मास्तर."

त्यांनी दिवसभर शिकवलं, पण खडू दोनदा हातातून पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच तळावर गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. "आठ," ते म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले. "पंत, मी काल उठाले पायजे होतं. तिसऱ्याची वाट पाहाले नको होती. आकड्यासाठी थांबणं येगळं आन माणसासाठी येगळं."

त्या क्षणानंतर ते थांबले नाहीत.

तळाचा म्होरक्या गणूबा नावाचा दर्यापूरकडचा साठीचा गाडीवान होता. आम्ही गेलो तेव्हा तो देवीला नवस बोलून नुकता बसला होता. मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"गणूबा, गाड्या तोडा लागते. पाच-पाच गाड्या अलग करा, नाल्याच्या पल्याड, लांब लांब. जो तो आपला झिरा खंदून त्यातलंच पाणी पिईन. एकानं दुसऱ्याच्या तळावर जायाचं नाई."

"काहून? देवीचा कोप हाय. लांब जाऊन काय होते?"

"कशानं होते ते मले ठाव नाई. खोटं नाई सांगत. पण वाढते कसं ते मले दिसून राहिलं. दोन, चार, आठ. उद्या सोळा, परवा बत्तीस. आठ दिवसात या तळावर माणूस राहणार नाई."

गणूबाने नकारार्थी मान हलवली. आकड्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.  मग मास्तरांनी वेगळंच विचारलं.

"कापसाच्या गाडीले आग लागली तं तुमी काय करता?"

"बाकीच्या गाड्या ओढून लांब नेतो."

"जळती गाडी इझवत नाई?"

"ते मांगून. आधी बाकीच्या तोडा लागते. एकीची दोघीले लागते, दोघीची चौघीले. पाहता पाहता..." गणूबा बोलता बोलता थांबला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, मग त्या गच्च भरलेल्या तळाकडे. आणि तो म्हातारा माणूस एकदम उठून उभा राहिला आणि ओरडला, "बैल जुपा रे! जुपा बैल!"

आडत्याचा माणूस धावत आला. गाड्या पांगल्या तर माल चोरीला जाईल, त्याला जबाबदार कोण, म्हणून आरडाओरडा करू लागला. आमचे हेडमास्तरही आले. शाळेच्या नोकराने असल्या भानगडीत पडायचं कारण नाही, वर लिहून कळवीन, असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि गाड्यांची वाट मोकळी करायला निघून गेले. दुपारपर्यंत नाल्यापलीकडचा सगळा माळ लहान लहान तळांनी भरून गेला.

आणि मग मला एक गोष्ट दिसली, जी मास्तरांना आधीच दिसली असावी. आजारी माणसांच्या गाड्या सगळ्यांपासून लांब उभ्या होत्या. त्यांच्या जवळ जायचं नाही, असं मास्तरांनीच ठरवून दिलं होतं. मग त्यांना पाणी कोण पाजणार?

मी हे विचारायला वळलो, तर मास्तर डोक्याचं पागोटं सोडून माझ्या हातात देत होते. "हे घरी द्या. आन पंत, आता तुमी नाल्याच्या इकडं येऊ नका."

"आणि तुम्ही?"

"मी सांगतलं म्हणून ते एकले पडले. आता मीच जातो. पण मी साऱ्यायकडं जाईन, तं पट माह्यातूनच पुढं जाईन. म्हणून मी आता गावात येत नाई."

खांद्यावर पाण्याची मोठी पखाल टाकून ते नाला उतरून पलीकडे गेले. मी त्यांचं पागोटं हातात धरून अलीकडे उभा राहिलो. मला पलीकडे जायचं धैर्य झालं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सोळा जण पडले.

गावात बोंब झाली. गाड्या हलवून काय झालं? या माणसाने देवीचा तळ मोडला म्हणून कोप वाढला. दहा-वीस माणसं काठ्या घेऊन नाल्याकडे गेली. मी मागोमाग गेलो. पलीकडच्या काठावर मास्तर उभे होते, उघड्या डोक्याने, डोळे खोल गेलेले. त्यांनी हात जोडले.

"या सोळायले परवाच लागण झाली होती, गाड्या तोडल्या त्याच्या आधी!" ते ओरडून म्हणाले. "आज पेरलं ते आजच उगवते का? दोन दिवस द्या मले. दोन दिवसात बत्तीस आले तं मी इथंच बसलो हाय. या आन मारा."

नाला ओलांडून पलीकडे जायला मात्र काठीवाल्यांतला एकही तयार नव्हता. ते परत फिरले.

त्याच दुपारी मास्तरांनी मला हाक मारून सांगितलं, की वर्ग नाल्यावर आणा. पोरांना उंचावर, काठापासून लांब बसवा. मला वाटलं, यांना ताप चढला. पण मी पोरांना नेलं. किसनाचे वडील येऊन म्हणाले, "माह्या पोराले नेऊ नका," आणि मग स्वतःच त्याच्याबरोबर येऊन बसले. अलीकडे वीस पोरं, पलीकडे एकटे मास्तर. मधे वाळूचा कोरडा पट्टा. आणि मास्तर ओरडून शिकवू लागले.

"दुपटीनं वाढणारं सांगा!"

"दोन, चार, आठ, सोळा!" पोरांचा आवाज माळावर घुमला.

"आता समजा एकाचे दोन होत नाईत. एकाचा एकच होते. मंग?"

"सोळा, सोळा, सोळा!"

"आन एकाचा अर्धाच झाला तं? दोघं मिळून एकालेच देतात तं?"

 मग किसना उठला आणि एकटाच ओरडला, "सोळा, आठ, चार, दोन, एक!"

"तेच!" पलीकडून आवाज आला. "जे पटीनं चढते ते पटीनंच उतरते. भिऊ नका. पट मोडली का ते सारं उतरते."

पलीकडच्या तळांवरची माणसंही ऐकत होती. एका गाडीच्या सावलीत पडलेला कोणी आजारी माणूस कोपरावर उठून ऐकत होता, ते मला अजून दिसतं.

पाचव्या दिवशी एकोणीस. बत्तीस नाही, एकोणीस. मास्तरांनी आकडा ओरडून सांगितला, तेव्हा त्यांचा आवाज फाटला. सहाव्या दिवशी नऊ. सातव्या दिवशी चार. त्या चौघांत गणूबा होता. त्याला मास्तरांनी शेवटपर्यंत मांडीवर घेतलं होतं, असं नंतर त्याच्या सुनेने सांगितलं. त्या दुपारीही त्यांनी वर्ग घेतला. फक्त मधेच एकदा पाठ फिरवून बराच वेळ उभे राहिले. पोरं वाट पाहत बसली. आठव्या दिवशी एक. नवव्या दिवशी कोणी नाही.

दहाव्या दिवशी आमचे हेडमास्तर धोतर वर खोचून नाल्याच्या वाळूपर्यंत गेले. ज्यांनी वर लिहिण्याची धमकी दिली होती, तेच. त्यांनी हाक मारली, "मास्तर, आता चला. पुरे झालं."

"अजून चार दिवस साहेब. मले काई झालं नाई, पण माह्या अंगावर काय हाय ते मले ठाव नाई. पोरं हायेत."

ते चार दिवस ते एकटेच एका बाभळीखाली राहिले. गाड्या एकेक करून निघून जात होत्या. जाणारा प्रत्येक गाडीवान त्या बाभळीसमोर बैल थांबवी, लांबूनच हात जोडी आणि पुढे जाई. कोणी भाकरी ठेवून जाई, कोणी नुसताच उभा राही. गणूबाची गाडी त्याची सून हाकत होती. ती थांबली नाही. पण माळ ओलांडेपर्यंत मान वळवून मागे पाहत होती.

चौदाव्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळ करून, नवं धोतर नेसून शाळेच्या अंगणात आले. निम्मे झाले होते. गालफडं आत गेली होती. पोरं दारात गोळा झाली, पण जवळ जावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

मी पुण्याच्या वैदिकाच्या घरातला मुलगा. आमच्याकडे कोणी कोणाच्या पाया पडायचं, याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. मला त्या क्षणी त्यातला एकही आठवला नाही. मी अंगणात पुढे गेलो आणि सगळ्या पोरांसमोर, हेडमास्तरांसमोर, त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यांनी घाईघाईने मला खांद्यांना धरून उठवलं. जुन्या लाजेने त्यांचा चेहरा भरून गेला होता.

"उठा पंत, उठा," ते म्हणाले. "पोट्टे वाट पाहून राहिले."